बरणी रिकामी द्यायची नसते

"ही बरणी आमची हाय."

इमेल्दाने मान वर केली. पेणच्या बाजारात, दाजी वाण्याच्या दुकानासमोर एक उंच, सावळा तरुण मिठाच्या गोणीला टेकून उभा होता आणि तिच्या कुशीतल्या बरणीकडे बघत होता. बघत होता म्हणजे... हरवलेली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावी तसा.

"तुमची कशी असेल? माझ्या आईची आहे," ती म्हणाली.

"गळ्याला दोरा कुणी बांधलाय?"

बरणी साधीच होती. चिनी मातीची, पिवळट अंगाची, तपकिरी गळ्याची, झाकणाचा एक टवका उडालेली. गळ्याभोवती मात्र जाड दोऱ्याचे तीन वेढे होते आणि त्यांना एक विचित्र गाठ. घासताना इमेल्दाने ती सोडवायचा प्रयत्न केला होता, सुटली नव्हती.

"आईनेच बांधला असणार."

"मी बांधलाय. सातवीत होतो. जाळं विणताना मारतात ती गाठ हाय ती. सोडवायला गेलात काय?"

"नाही," इमेल्दा खोटं बोलली.

"नखं सांगतायत," तो म्हणाला.

तिने नखं मुठीत लपवली. मग आपण लपवली कशाला, याचा तिला राग आला. "चोरीच पकडली म्हणायची तर," ती म्हणाली. "द्या मग पोलिसांत."

"आधी आईकडे चला. आमच्या घरचा न्याय तिथं व्हतो."

दाजी वाणी एवढा वेळ वजनाच्या काट्याआडून ऐकत होता. त्याने मध्ये तोंड घातलं. हा पुंडलिक म्हात्रे, धरमतरच्या खाडीकाठी यांचं मिठागर, आणि तुम्ही मघापासून माझ्याकडे ज्या काळ्या चिंचेची चौकशी करताय ती पेण तालुक्यात एकीकडेच मिळते, याच्या आईकडे, काशीबाईकडे. वर त्याने असंही सांगितलं, की पोरगा तोंडाने खारट आहे, बाकी बरा आहे.

इमेल्दाची आई, कार्मेला, दर वर्षी दिवाळी झाली की एक दिवस रोह्याहून एसटीने पेणला जायची. एकटी. 'ही माझी रजा,' म्हणायची, आणि संध्याकाळी चिंचेने भरलेली बरणी मांडीवर घेऊन परत यायची. ती कुठे जाते, कुणाकडे बसते, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. आणि आता विचारायला आई नव्हती. एप्रिलात, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

त्या चिंचेचं काय व्हायचं, ते मात्र घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधी कार्मेला मुंबईत एका बड्या घरी स्वयंपाकाला होती. तिथे नाताळला हॅम भाजत आणि त्यावर अननसाच्या रसाचा आणि साखरेचा लकाकता लेप चढवत. लग्न होऊन ती कोर्लईच्या पास्कल रोझारियोबरोबर रोह्याजवळ वरसेला आली, पास्कल धाटावच्या कंपनीत बॉयलरवर लागला, आणि डिसेंबरात अननस कुठून आणायचा म्हणून तिने चिंचगुळाचा पाक करून बघितला. तेव्हापासून रोझारियोंच्या घरी नाताळ म्हणजे तो पाक. कोर्लईहून मामा डुकराची मांडी आणून द्यायचा. ती दहा दिवस मिठात मुरायची, रात्रभर पाण्यात भिजायची, मंद उकळायची, आणि मग तिच्या चरबीवर शंकरपाळ्यासारख्या रेघा मारून, प्रत्येक चौकोनात एक लवंग टोचून, आई त्यावर पाक चढवायची. गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनच्या काचेतून बघितलं तर आत जणू कुणी तांब्याची घंटा टांगली आहे. पास्कल त्या दिवशी पातेलं बोटाने पुसून खायचा, आणि वर म्हणायचा, गेल्या वर्षीचा बरा होता.

आई गेल्यापासून बाबा जेवणाबद्दल काहीच म्हणत नव्हते. मीठ विसरलं तरी नाही, करपलं तरी नाही. समोर येईल ते खायचे, ताट धुवून ठेवायचे आणि खिडकीपाशी बसायचे. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. वसईच्या जोसेफकाकाचं पत्र आलं होतं... दोघंही इकडे या, तिथे आता कोण आहे तुमचं? बाबांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले होते, "नाताळ होऊ दे. पण या वर्षी काही करू नकोस. उगाच."

इमेल्दा घरी शिवणकाम करायची. पंचवीस वर्षांत तिने आईला बाजूला करून कधी तो पाक ढवळला नव्हता. तरी त्या 'उगाच' शब्दाने तिचं ठरलं. टेबल मांडायचं. आईचा पाक तसाच झाला पाहिजे. बाबांना एकदा तरी वाटलं पाहिजे, की हे घर अजून घर आहे. मग वसईचं काय ते ठरवू देत.

म्हणून बरणी लख्ख घासून ती पेणला आली होती.

पुंडलिकच्या टेम्पोत बसून ती खाडीकडे निघाली. दाजी वाण्याची पुतणीही त्याच गावची, तीही मागे चढली, म्हणून. वाटेत मिठागरांचे चौकोन पाण्याने नुकते भरत होते, आणि बांधावर गेल्या हंगामाच्या मिठाच्या राशी गवताने शाकारलेल्या होत्या.

काशीबाई अंगणात वाल निवडत होती. टेम्पोतून उतरणारी मुलगी तिने पाहिलीच नाही, आधी बरणी पाहिली. चेहराभर हसली. "कर्मेलीबाय, यंदा उशीर केलास गो..." आणि थांबली.

मग तिने बरणी हातात घेतली. झाकण काढलं. आत मनगटापर्यंत हात घातला, आणि रिकामा बाहेर काढला.

"कधी?" तिने विचारलं.

"एप्रिलात," इमेल्दा म्हणाली.

दुसरं काही सांगावं लागलं नाही. एप्रिलपासून इमेल्दा लोकांना सांगत आली होती, कसं झालं, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले. इथे कुणी विचारलं नाही. काशीबाईने तिला पाणी दिलं. तो तांब्या संपवायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ पुंडलिक पाठ फिरवून टेम्पोच्या चाकाशी उगाच काहीतरी बघत राहिला.

नंतर काशीबाईने सगळं सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी ती पेणच्या बाजारात चिंच विकायला बसली होती. एका बाईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि होती तेवढी सगळी मागितली, पण न्यायला भांडं नव्हतं. काशीबाईने आपली बरणीच दिली, ओळख ना पाळख. पुढच्या वर्षी बरणी परत आली ती खोबऱ्याच्या बिस्किटांनी भरून. मग बिस्किटं इकडे, चिंच तिकडे. दर वर्षी एक दिवस, दोघी ओट्यावर बसून दोन घरांचं सगळं बोलायच्या.

"तुला सांगितलं नव्हतं व्हय तिनं? बरनी रिकामी आनायची नसते गो," काशीबाई म्हणाली. रागाने नव्हे. मग आत जाऊन तिने तीन वर्षं मुरलेली, मिठात मळलेली चिंच आणली आणि बरणी काठोकाठ भरली. "आता भरून नेतेस ना? भरूनच आन."

पेणच्या स्टँडवर सोडताना पुंडलिकने विचारलं, एवढ्या चिंचेचं करता काय? इमेल्दाने सांगून टाकलं. हॅम म्हणजे काय, तेही सांगितलं.

 तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागला. "सतरा वर्षं! आईला वाटतं, मासळीच्या कालवणात जाते."

"त्यांना सांगू नका."

"एका अटीवर," तो म्हणाला. "मी मंगळवारी धाटावला कंपनीत मीठ टाकायला येतो. बरणी परत न्यायला तुम्ही कशाला एसटीचे धक्के खाता? मीच नेईन."

"रिकामी व्हायला वेळ लागेल."

"मंगळवार दर आठवड्याला येतो," पुंडलिक म्हणाला.

पहिल्या मंगळवारी तो आला तेव्हा बरणीतली चिंच तिने दुसऱ्या भांड्यात काढून ठेवली होती आणि बरणीत खोबऱ्याची बिस्किटं भरली होती. म्हणजे वेळ अजिबात लागला नव्हता. हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी बरणी परत आली. आत सुका जवळा होता, आईने दिलाय म्हणाला. तिसऱ्या मंगळवारी इमेल्दाने तिच्यातून आवळ्याच्या वड्या पाठवल्या. चौथ्या मंगळवारी त्याने बरणी आणून मशीनशेजारी ठेवली. तिने झाकण काढलं, तर तळाशी मिठाचे सात-आठ खडे.

"हे काय?"

"रिकामी आणायची नसते."

"एवढंसं मीठ घेऊन पेणहून रोह्याला आलात?"

"नाय," तो म्हणाला, "टेम्पोत अजून चार टन हाय."

तिला हसू आवरेना. एप्रिलनंतर घरात तो आवाज झाला नव्हता, त्यामुळे शेजारच्या चंद्रावतीवहिनी कुंपणावरून डोकावल्या. मिठाचा भाव पडलाय की काय, मीठवाला दारोदार फिरतोय, असं त्या पुंडलिकला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या.

पण पाक काही जमत नव्हता.

सामान चुकत नव्हतं. आईच्या हाताशी उभं राहून इमेल्दाने ते इतकी वर्षं काढून दिलं होतं. चिंचेचा दाट कोळ, त्याच्या दीडपट गूळ, मोहरीची पूड, मिरी, लवंग, आल्याचा रस. पहिल्यांदा तिने सवयीने मीठही घातलं. पुंडलिकने चमच्याच्या टोकावरचा थेंब चाखला आणि डोळे मिटून घेतले. "चिंचेत आमचं मीठ आधीच हाय हो. आणि तुमच्या त्या... पाहुण्यातही हाय. तिसऱ्यांदा कशाला?"

मीठ वगळलं. चव जमली, अगदी आईची. पण पाक रवाळ व्हायचा. गरम असताना बरा दिसायचा, आणि निवला की साखरेसारखा किरकिरा, मळकट. तापवलेला असला तरी ओव्हनमध्ये तो ठिपके ठिपके होऊन ओघळायचा. आईचा पाक काचेसारखा होता, त्यात चेहरा दिसायचा. इमेल्दाने गूळ बदलला. आच बदलली. पातेलं बदलून कल्हईचं घेतलं. मांस वाया जाऊ नये म्हणून ती उकडलेल्या रताळ्यावर पाक चढवून बघायची, आणि पुंडलिक ती रताळी खायचा. त्याच्या घरी डुक्कर चालत नव्हतं, रताळ्याला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. महिनाभरात त्याने इतकी रताळी खाल्ली, की उपासाच्या दिवशी आता घरी भूकच लागत नाही, म्हणाला.

"आणि खोटं बोलून चांगलं झालंय म्हणू नका," तिने बजावलं.

"किरकिर हाय," तो प्रामाणिकपणे म्हणायचा. "पण गोड किरकिर हाय. म्हणजे... पाकाचं बोलतोय."

नाताळच्या आधीच्या मंगळवारी त्याने रताळ्याला हात लावला नाही. चंद्रावतीवहिनींकडून त्याला वसईचं कळलं होतं. बरणीच्या गळ्याची गाठ अंगठ्याने चाचपत त्याने विचारलं, जाणार काय?

"बाबा ठरवतील."

"आणि तुम्ही?"

इमेल्दा मशीनवरचं कापड सरळ करत राहिली. ते आधीच सरळ होतं. "मी पाक करतेय," ती म्हणाली.

चोवीस तारखेच्या सकाळी बाबा पहिल्या शिफ्टला गेले. मांडी उकळून, साल काढून, रेघा मारून तयार होती, लवंगा टोचून झाल्या होत्या. दुपारी इमेल्दाने शेवटची चिंच कोळली. आता चुकलं तर दुसऱ्यांदा करायला चिंच नव्हती. पातेलं मंद आचेवर ठेवून ती लाकडी चमच्याने ढवळत होती. दार वाजलं.

दारात पुंडलिक. हातात बरणी. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली.

"ठाऊक हाय."

"टेम्पो कुठंय?"

"धरमतरला. एसटीने आलो." त्याने बरणी पुढे केली. आत चिंचेचा एक गोळा होता, लिंबाएवढा. "आई म्हणाली, शेवटच्या घाण्याला कमी पडेल, देऊन ये. आणि... तिला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"चिंच कशाला जाते ते. पहिल्या वर्षापासनं. तुमच्या आईनेच सांगितलं होतं. मी विचारलं, मग तू बोलली कशी नायस? तर म्हणते, चिंच कुठं जाते ते चिंचवालीनं इचारू नाय."

इमेल्दा हसली, आणि हसता हसता वळून पातेल्याकडे धावली. चमचा घेऊन भराभर ढवळायला लागली, खरवडून, कडेने, मधून. पुंडलिक स्वयंपाकघराच्या दारात टेकून बघत होता. महिनाभर तो यायचा तेव्हा पाक झालेला असायचा. होताना तो आज पहिल्यांदाच बघत होता.

"तुम्ही रोज असंच हलवता?"

"लागू नये म्हणून. सारखं ढवळावं लागतं."

"कुणी सांगितलं?"

ती थांबली. कुणीच सांगितलं नव्हतं. तिला आई आठवली. आई चमचा घेऊन चुलीशी उभी असायची, हे खरं. पण चमचा... चमचा तिच्या हातात असायचा, पातेल्यात नव्हे. ती तो छातीशी धरून उभी राहायची, आणि गाणं गुणगुणायची.

पुंडलिक जवळ आला. आपल्या मिठाच्या चौकोनांबद्दल बोलावं तसं, साधं बोलला. पाणी उन्हाने जड होतं, तेव्हा ते गप्प ठेवलं तर खडा मोठा, थोडा थोडा धरतो. आणि दंताळं फिरवत राहिलं, की सगळीकडून एकदम बारीक दाणा धरतो. "आम्हाला दाणा पाहिजे असतो, म्हणून आम्ही हलवतो. तुम्हाला दाणा नको ना? मग हलवू नका."

"आणि लागलं तर?"

"आच कमी करा. आणि गप्प उभं राहा."

"मला गप्प उभं राहता येत नाही," ती म्हणाली. हे तिला बोलताबोलताच कळलं. एप्रिलपासून ती एक क्षण हात बांधून उभी राहिली नव्हती. कपडे शिवले, डबे घासले, माळा झाडला, आईच्या साड्या तीनदा घड्या मोडून पुन्हा घातल्या. तिने आच बारीक केली, ओल्या फडक्याने पातेल्याची कड पुसली, आणि पुन्हा तिचा हात चमच्याकडे गेला.

पुंडलिकने चमचा उचलून पाठीमागे नेला.

"द्या इकडे."

"नाय."

"मग हातांचं काय करू मी?"

 मिठाने चिरलेला आपला उजवा हात त्याने पुढे केला, तळवा वर करून, काही मागावं तसा. "इथं ठेवा," तो म्हणाला. आवाज मघासारखा चेष्टेचा राहिला नव्हता. "म्हणजे... पाक होईपर्यंत."

पाकावर बुडबुडे यायला लागले होते. आधी बारीक, घाईतले. मग मोठे, सावकाश, एकेक फुटणारे. लवंगेचा वास दाटला. तिने हात ठेवला. त्याची बोटं खरखरीत होती आणि अगदी स्थिर, आणि ती सोडून दुसरीकडे कुठे बघावं हे दोघांनाही कळत नसल्यामुळे दोघं पातेल्याकडे बघत राहिली.

"वसईला मिठागरं हायत," तो म्हणाला. "मी चौकशी केली."

"कशाला?"

"तुम्ही गेलात तर म्हणून. मंगळवारी तिकडं मीठ टाकायला जावं, तर त्यांच्याकडं त्यांचंच हाय. मला कोण विचारणार?"

 तिने हात काढून घेतला नाही.

"आमच्यात लोक बोलतील," तो पुढे म्हणाला. "तुमच्यातही बोलतील. माझ्या आईचं मी सांगू शकतो. ती म्हणाली, इस्त्रीचा शर्ट घाल."

पाकाचा रंग बदलला. तपकिरीतून आतून तांबडा. इमेल्दाने आच बंद केली आणि बशीत एक थेंब टाकला. दोघं वाकून बघत होती. थेंब निवला. गोल राहिला, स्वच्छ, दाणा नाही. त्यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीत दोन डोकी, जरा वाकडी, एकमेकांना लागलेली.

बाहेर कुणीतरी खाकरलं. पहिली शिफ्ट सुटली होती. पास्कल दारात उभा होता, हातात डबा. त्याने पोरीकडे बघितलं, पोराकडे बघितलं, पोराच्या पाठीमागच्या चमच्याकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि आत हातपाय धुवायला गेला.

नाताळच्या दुपारी टेबलावर आईची पांढरी चादर होती. बाबांचे शिफ्टवाले चौघे आले होते, चंद्रावतीवहिनी आणि त्यांचे यजमान आले होते, आणि पुंडलिकही आला होता, कारण त्याला बाबांनीच बोलावलं होतं. काल हात पुसत बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले होते, "उद्या जेवायला ये."

मधोमध हॅम होता. पाक तीनदा, पातळ पातळ चढवला होता. तांब्याची घंटा. बाजूला एका बशीत एक मोठं रताळं होतं, त्यावरही शंकरपाळ्याच्या रेघा, प्रत्येक चौकोनात एक लवंग, आणि तसाच लकाकता पाक. ती बशी पुंडलिकसमोर ठेवताना इमेल्दाने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं. वहिनींनी दोघांकडे बघितलं.

बाबांनी एक काप घेतला. कड, जिथे पाक सगळ्यात जाड असतो ती. सावकाश चावली. इमेल्दा खुर्चीची पाठ धरून उभी होती. शिफ्टवाले बोलत होते, आणि तिला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"आंबट थोडा जास्त झालाय," बाबा म्हणाले.

 वहिनींना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, नाही हो, छान झालाय, पोरीने किती खपून केलाय. बाबांनी मान हलवली. "गेल्या वर्षीचा बरा होता," ते म्हणाले, आणि दुसरा काप घेतला. मग तिसरा. मग पातेलं मागवलं, आणि ते आलं तेव्हा चमचा बाजूला ठेवून बोटाने कड पुसली.

इमेल्दा पाणी आणायला म्हणून आत गेली. घडवंचीवरच्या माठाशी ती उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, हनुवटीपर्यंत गेलं, तिने ते जाऊ दिलं. हातांनी काही करावं असं तिला वाटलं नाही.

जेवणं झाली, माणसं पांगली. बाबा खिडकीपाशी बसले. खिशातून वसईचं पत्र काढून त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि सरबताच्या पेल्याखाली दाबलं. जोसेफला लिही, म्हणाले, इतक्यात जमायचं नाही. पुढे म्हणाले, दर वर्षी नोव्हेंबरात कार्मेला कुठे जायची ते मला एकदा बघायचंय. तिथे ओट्यावर बसायला जागा आहे का, विचार त्या पोराला.

पोरगा दारातच होता, चपला घालत होता. हळूच म्हणाला, "जागा हाय."

इमेल्दा त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. ऊन उतरलं होतं. धाटावहून पहिल्या शिफ्टची बस धूळ उडवत गेली, आणि ती धूळ खाली बसेपर्यंत दोघं फाटकाशीच थांबली.

"निघतो," तो म्हणाला. निघाला नाही. "बरणी द्या."

"नाही."

"नाय म्हणजे? रिकामी हाय म्हणून? भरा की काहीतरी. चार खडे मीठ टाका, चालेल."

"रिकामी देत नाही," इमेल्दा म्हणाली, "आणि भरलेलीही देत नाही. बरणी इथेच राहील." तिने फाटकाची कडी एकदा लावली, एकदा काढली. मग कडीवरून हात काढून घेतला आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "मी कायमची येईन ना तिकडे... तेव्हा मीच घेऊन येईन."

पुंडलिकच्या तोंडाचा खारटपणा कुठल्या कुठे गेला.  इस्त्रीच्या शर्टावर लवंगेएवढा एक पाकाचा डाग पडला होता, तोही त्याच्या लक्षात नव्हता.

"कधी?" त्याने विचारलं. आणि लगेच, "म्हणजे बाबांना कधी विचारू? आईला कधी आणू? पुढच्या मंगळवारी..."

"पुंडलिक," ती म्हणाली. नुसत्या नावाने, पहिल्यांदाच.

"काय?"

"हलवू नकोस," इमेल्दा हसली. "खडा धरतोय."